सरांची ओळ काढायची नाही

१७ नोव्हेंबर, सोमवार. लातूर

नोकरीचा पहिला दिवस, आणि पहिल्याच दिवशी एका वारलेल्या माणसाला हात लावायचा नाही अशी ताकीद मिळाली. नीट लिहिते, नाहीतर उद्या मलाच कळायचं नाही.

संस्थेचं नाव जलमाप मंडळ. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत, खाली सरकी-पेंडीचं दुकान, वर आमच्या दोन खोल्या. दिवसभर पेंडीचा वास. गावोगावच्या विहिरींत पाणी किती उतरलं, किती चढलं, त्याचा रोजचा आकडा इथल्या सर्व्हरवर जमा होतो. विहिरींवर यंत्रं बसवलेली आहेत, ती आपली आपण आकडा पाठवतात. त्यावर गावं ठरवतात की औंदा ऊस लावायचा का हरभऱ्यावर भागवायचं.

साहेब म्हणजे उमाशंकर सर. चाळिशीचे, कपाळावर विभूतीचे पट्टे, बोलणं संथ. मी हिमायतनगरची, आमच्याकडे एवढं हळू बोललं तर समोरचा उठून जातो.

माझं काम असं. सर्व्हरला पासवर्ड नाही, किल्ल्या आहेत. एका फाईलीत ओळी आहेत, एक ओळ म्हणजे एक किल्ली. ज्याची ओळ फाईलीत, त्यालाच आत सोडतात. ज्या ट्रस्टच्या मदतीवर मंडळ चालतं त्यांनी कळवलंय की डिसेंबरअखेर प्रत्येक ओळ जिवंत आणि ओळखीच्या माणसाची पाहिजे. नाहीतर मदत बंद, सर्व्हर बंद. आणि हे जमलं तरच मी इथे कायम.

पहिली ओळ शरणप्पा सरांची. मंडळ त्यांनीच सुरू केलं, शाळेतून रिटायर झाल्यावर. मागच्या माघात वारले.

"सरांची ओळ काढायची नाही," उमाशंकर सर म्हणाले. "पहिलं पुण्यस्मरण होऊ दे."

"पण सर, नियम तर..."

"नियम मला पण वाचता येतो, वर्षा."

मी गप्प बसले. मला गप्प बसवणं सोपं काम नाही, आईला विचारा.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज माझी स्वतःची किल्ली बनवली.

एसएसएच-कीजेन नावाची एक आज्ञा आहे. काळ्या पडद्यावर टाईप करायची, एंटर मारायचं. बटण नाही, चित्र नाही, काही नाही. पापणी लवायच्या आत दोन फायली तयार. एक जाहीर, एक खाजगी. जाहीर म्हणजे तीच ती ओळ, सर्व्हरला द्यायची. चौकात बोर्डावर लावली तरी बिघडत नाही. खाजगी आपल्याच मशीनवर ठेवायची, सख्ख्या आईलासुद्धा द्यायची नाही. वर तिला एक गुप्त वाक्य लावायचं, म्हणजे मशीन चोरीला गेलं तरी किल्ली चालायची नाही.

इथपर्यंत कॉलेजात पाठ केलं होतं. नांदेडला याच प्रश्नाला मला पैकीच्या पैकी होते. पण पाठ करणं वेगळं, आणि डोळ्यांनी बघणं वेगळं! सर्व्हर मला एक कोडं पाठवतो. माझी खाजगी किल्ली त्यावर सही करते आणि फक्त सही परत जाते. किल्ली जागची हलत नाही. कुणी तिला बघत नाही, तरी सर्व्हरला खात्री पटते की ही वर्षाराणीच. मी चार वेळा आत गेले, चार वेळा बाहेर आले, उगीच. माय गं, हे कुणाच्या डोक्यातून निघालं असेल?

किल्ली झाली की ते यंत्र अक्षरांची एक चौकोनी नक्षी पण काढून दाखवतं. प्रत्येक किल्लीची वेगळी. माझ्या नक्षीत मधोमध रिकामी जागा आहे. आईला फोटो पाठवला. ती म्हणाली, "रांगोळी चुकली का गं?"

उमाशंकर सर बघत होते. हसले नाहीत. म्हणाले, "मला पण असंच झालं होतं. तवा शरणप्पा सरांनी समजावलं. आमच्यात दीक्षेला गळ्यात लिंग बांधतात. बायकोचं बायकोला, नवऱ्याचं नवऱ्याला. दुसऱ्याच्या हाती द्यायचं न्हाई, माणूस गेला की त्याच्यासंगंच समाधीत. सर म्हणायचे, किल्ली तशीच पाळायची."

मी हसून म्हटलं, बरंय, समाधी सोडून. ते परत हसले नाहीत.

२४ नोव्हेंबर, सोमवार

घाबरले आहे.

आज सर्व्हरची येण्याजाण्याची नोंद उघडली. कोण आलं, कोणत्या किल्लीनं आलं. किल्लीचा ठसा तिथे उमटतो. त्याच एसएसएच-कीजेनला फाईल दाखवली की ते प्रत्येक ओळीचा ठसा काढून देतं, मग ताडून बघायचं. मी ताडून बघितलं.

फाईलीत 'शरणप्पा@घर' या नावाच्या दोन ओळी आहेत. पहिली आणि तिसरी. पहिलीचा ठसा यंदा माघापासून कुठेच नाही. तिसरीचा रोज आहे. रोज! सकाळी पूजाअर्चा आटोपायच्या वेळेला कुणीतरी शरणप्पा सरांच्या नावानं आत येतं, थोडा वेळ थांबतं आणि निघून जातं. रविवारी पण. दिवाळीच्या पाडव्याला पण.

सर जाऊन दहा महिने झाले.

मी उठून पाणी प्यायले. खाली पेंडीच्या दुकानात जाऊन उगीच दोन माणसांशी बोलून आले.

२५ नोव्हेंबर

सहज विचारल्यासारखं विचारलं. "सर, शरणप्पा सरांच्या घरी कोण असतं?"

"लक्ष्मम्मा. त्यांच्या मिसेस. सगळे अव्वाच म्हणतात. निलंग्याच्या पुढं शिवमुगळी, कर्नाटकच्या शिवंवर. एकट्याच असतात."

"त्यांना कॉम्प्युटर वगैरे?"

"अगं, चौथी शिकलेल्या, ती पण कानडी शाळेत. माझा फोन उचलून उलटा कानाला लावतात."

"आणि सरांचा लॅपटॉप?"

"असंल घरात कुठंतरी."

असंल म्हणजे नसेल. भंगारवाल्याला दिला असणार, आणि भंगारवाल्याकडून गेला असणार कुणाच्या तरी हाती. मी सरांना पुढचं काही सांगितलं नाही. सांगितलं तर म्हणतील, सरांची ओळ आहे, राहू दे. आणि खरं सांगायचं तर चोर मला स्वतःला पकडायचा आहे. पकडला तर कोण मला कायम करणार नाही, बघू.

२ डिसेंबर

रोज येतोय.

८ डिसेंबर, सोमवार

चोर ज्या पत्त्यावरून येतो तो मोबाईल कंपनीचा, रोज बदलणारा. कधी हैदराबाद दाखवतो, कधी बंगळूर, एकदा तर बिदर. पट्टीचा आहे.

काय नेतो ते मात्र कळेना. आकडे जागच्या जागी आहेत, फायली शाबूत. मला अजून सगळं खोदून बघता येत नाही, हेही लिहून ठेवते, कुणाला दाखवायचं थोडंच आहे.

आईला फोनवर सांगितलं, नावं न घेता. आमच्या केवळाबाईंचं, म्हणजे आईचं, उत्तर : "रोज येतो अन् काहीच नेत न्हाई? मग त्यो चोर कसला बाई. पाव्हणा हाय."

आईला काय कळतंय यातलं.

१८ डिसेंबर, गुरुवार

उद्या वेळा अमावस्या. आमच्याकडे नांदेडात याचं फारसं काही नाही, इथे मात्र दिवाळी झक मारेल. जिल्ह्याला सुट्टी. सगळ्यांनी शेतात जायचं, कडब्याच्या खोपीत पांडवांची पूजा करायची, आंबील आणि मिसळ भाज्यांची भज्जी खायची. ओळखीचा असो, बिनओळखीचा असो, बांधावरून जाणाऱ्याला जेवल्याशिवाय सोडत नाहीत म्हणे. उमाशंकर सरांनी तीनदा बोलावलं. मी डोकं दुखतंय म्हटलं.

मला बघायचंय उद्या चोर येतो का. इथला असेल तर येणार नाही. इथलं कुणीच उद्या घरात नसणार.

१९ डिसेंबर, शुक्रवार. वेळा अमावस्या

आला!

रोजच्यापेक्षा लवकर आला, घाईत असल्यासारखा, आणि लगेच गेला. सगळा लातूर जिल्हा आंबिलीचे बिंदगे डोक्यावर घेऊन शेताकडे चालला होता त्या वेळी हा पठ्ठ्या मशीनसमोर. म्हणजे इथला नाहीच. बाहेरचा. ज्याला आज काय आहे हेही ठाऊक नाही असा.

मी तिसरी ओळ पुसून टाकली. पहिली तशीच ठेवली, सरांचा मान म्हणून, आणि तसंही तिचा ठसा कुठे उमटत नाही. फाईल जतन केली. मूळ फाईलीची प्रत ठेवायची असते हे पुस्तकात लिहिलेलं असतं. मी ठेवली नाही. कशाला ठेवायची चोराची किल्ली?

गल्लीत चिटपाखरू नाही. दुकानं बंद. पोहे करून खाल्ले. लई बरं वाटलं.

२० डिसेंबर, शनिवार

सकाळी चोर दारापर्यंत आला. नोंदीत दिसलं : किल्ली नामंजूर. दोनदा ठोठावलं आणि गेला. मी एकटीच खुर्चीवर बसून टाळ्या वाजवल्या.

२१ डिसेंबर, रविवार

परत आला. परत नामंजूर. चिवट आहे.

आणखी एक. शिवमुगळीच्या विहिरीचा रकाना काल आणि आज कोरा. यंत्र बिघडलेलं दिसतंय. उद्या सरांना सांगते.

२२ डिसेंबर, सोमवार

काय लिहू.

सकाळी सरांना म्हटलं, "शिवमुगळीचं यंत्र बंद पडलंय."

त्यांनी अव्वांना फोन लावला, स्पीकरवर. आधी कानडीत ख्यालीखुशाली झाली. मग ते म्हणाले, "अव्वा, विहिरीवरचं यंत्र जरा कुणाला तरी बघायला सांगा, दोन दिवस आकडा न्हाई."

तिकडून अव्वा : "यंत्र? कसलं यंत्र बा? मीच की."

उमाशंकर सरांच्या हातातला कप तसाच राहिला.

"रोज मीच घालते की आकडा. यजमानांनी शिकवलेलं. दोन दिस झाले, दार लागलंय. मशीन आत घेईना. माझं काही चुकलं का रे?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं जमीन फाटावी. सगळं सांगितलं : ठसे, बंगळूर, बिदर, अमावस्या, सगळं. मी चोर समजत होते ती एक म्हातारी होती आणि तिचा फोन शिवेपलीकडच्या टॉवरला लागत होता, बस. अमावस्येला लवकर आली, कारण तिलापण शेतात जायचं होतं. एवढं साधं मला सुचू नये?

सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस तू. आणि ज्यांना जाऊन वर्ष होत आलं त्यांची ओळ जपून ठेवलीस."

"जपून ठेवा असं तुम्हीच..." एवढं तोंडातून निघालंच. मग मलाच रडू आलं.

"ओळ परत टाकू, सर."

"कुठून टाकशील? प्रत आहे?"

नाही. नोंदीत ठसा आहे, पण ठशावरून ओळ काही तयार होत नाही.

ते खिडकीकडे वळले. "मला वाटायचं सरांनी जायच्या आधी तिथं यंत्र बसवलं. दहा महिने एक म्हातारी रोज आकडा घालून राहिली, आणि मी एकदा पण विचारलं न्हाई."

उद्या शिवमुगळीला जायचं. माझी नोकरी राहते का जाते ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

२३ डिसेंबर, मंगळवार

सरांच्या मोटारसायकलवर मागे बसून गेले. निलंग्यापर्यंत मराठी पाट्या, पुढे पुढे दोन्ही. रस्ताभर मी माफीची वाक्यं जुळवत होते.

अव्वा दारातच होत्या. बुटक्या, इरकल नेसलेल्या, कपाळावर विभूती. "बा गं, बा," म्हणाल्या, आत ये म्हणून. मी वाकले आणि जुळवलेलं सगळं विसरले. नुसतं म्हणाले, "अव्वा, मीच दार लावलं."

"तू होय? लई लहान हाईस की." आणि चहा ठेवायला गेल्या.

चहा पिताना कळलं की दार लागल्यावरसुद्धा त्या रोज सकाळी मशीन उघडून बसतात. मशीन नाही म्हणतं, बंद करतात.

"फोन का केला न्हाई अव्वा?" सरांनी विचारलं.

"काय म्हणून करायचा? दार ज्याचं त्यो लावतो. मला वाटलं यजमान गेले, वर्ष होत आलं, आता बाईमाणसाचं काय काम म्हणून बंद केलं असंल तुम्ही." तक्रारीचा सूर कुठेच नव्हता, पुरणात गूळ कमी पडला म्हणावं तसं म्हणाल्या.

लॅपटॉप देवघराच्या शेजारच्या कोनाड्यात, वर खणाचा कपडा. भंगारवाल्याची मी किती बदनामी केली मनात!

मी हळूच विचारलं, "म्हणजे तुम्ही सरांची किल्ली वापरता?"

अव्वा एवढ्या जोरात "इल्ला!" म्हणाल्या की मांजर उठून गेलं. "त्यांची कशी वापरीन? ही माझी हाय. त्यांचा हात थरथरायचा, तवा म्हणले, तूच आकडा घाल. मी म्हटलं घालते तुमच्याच किल्लीनं. तर रागावले. म्हणले, माझं लिंग हातात घेतीस का कधी? मग किल्ली कशाला? आन् माझ्या नावाची येगळी करून दिली."

नावाचं कोडं इथे सुटलं. ओळीच्या शेवटी जे नाव असतं ती नुसती चिठ्ठी. मशीन शरणप्पा सरांचं, म्हणून त्यानं दोन्ही ओळींना त्यांचंच नाव चिकटवलं. मी चिठ्ठी वाचली आणि माणूस ठरवला.

"मग सरांची किल्ली कुठंय?" उमाशंकर सर विचारत होते. "छोटा पेनड्राईव्ह होता, काळा. मी लई शोधला."

"ती त्यांच्यासंगं दिली," अव्वा म्हणाल्या. "हातात लिंग दिलं, कनवटीला ते बांधलं. दुसऱ्यानं वापरायची न्हाई म्हणायचे ना?"

माणूस गेल्यावर त्याच्या किल्लीचं काय करावं यावर मी ढीगभर वाचलंय. असं कुठेच वाचलं नव्हतं.

आता खरं काम. अव्वांची खाजगी किल्ली लॅपटॉपवर होती. तिच्याशेजारी जाहीर ओळीची फाईल असते, ती नव्हती. शरणप्पा सर फार नेटके, काम झालं की पुसून टाकणारे. मी डोकं धरून बसले. आणि मग आठवलं, एसएसएच-कीजेनला एक डॅश आणि वाय लावला की ते खाजगी किल्लीतून जाहीर ओळ पुन्हा काढून देतं. वाचलं होतं, कधी केलं नव्हतं.

टाईप केलं. मशीननं गुप्त वाक्य विचारलं.

"अव्वा, हे तुमचं तुम्ही घाला. मी बघत नाही." मी भिंतीकडे तोंड केलं, उमाशंकर सर उठून ओसरीवर गेले. एका बोटानं टाईप करत होत्या, लई वेळ. मी एकदाच चोरून बघितलं, पडद्याकडे नाही, त्यांच्याकडे. बोट अधांतरी थांबलेलं, डोळे मिटलेले, ओठ हलत होते, आवाज नव्हता. एवढं मोठं वाक्य कसलं असेल कोण जाणे. मी माझं ठेवलंय ते कुत्र्याचं नाव आणि जन्मसाल.

एंटर.

आणि ओळ आली. पुसलेली, प्रत नसलेली, जगात कुठे शिल्लक नसलेली ओळ, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत. मी तिचा ठसा काढला आणि सोबत आणलेल्या माझ्या लॅपटॉपवर सर्व्हरच्या नोंदीतल्या ठशाशी एकेक अक्षर ताडलं. दहा महिने रोज सकाळी उमटलेला तोच ठसा. हात जोडले मी, खरंच. कुणाला जोडले ते सांगता येणार नाही.

ओळ फाईलीत टाकली, सरांच्या ओळीच्या लगेच खाली. क्रमाचं मशीनला काही नसतं, मला वाटलं म्हणून तिथे. अव्वांनी आज्ञा दिली, आणि दार उघडलं. त्या पदरानं पडदा पुसत होत्या, धूळ नव्हती तरी.

"थांब," म्हणाल्या आणि विहिरीचा दोर घेऊन आल्या. टोकाला दगड, हाताहातावर गाठी. दोर सोडायचा, भिजलेली खूण मोजायची. दार बंद होतं त्या दिवसांतही त्यांनी दोर सोडला होता, आणि रोजच्या खुणेवर एकेक रंगीत धागा बांधून ठेवला होता.

"दार लागलं म्हणून पाणी थांबतंय होय?" असं म्हणून त्यांनी एकेक धागा सोडत आकडे घातले.

हात दुखायला लागला. उरलेलं उद्या.

२४ डिसेंबर, बुधवार

उरलेलं लिहायला सकाळपासून टाळतेय. लिहिते.

आकडे घालून झाले. उमाशंकर सर निघायचं म्हणून उठले आणि परत बसले. मला कळलं काय ते. नियम. पहिली ओळ. ते बोलू शकणार नव्हते, त्यांचे गुरू होते. मग मीच बोलले, माझं तोंड आधीच फाटकं.

"अव्वा, सरांची ओळ काढावी लागेल. जे गेले त्यांची ओळ ठेवता येत नाही. नाहीतर सगळंच बंद करतील."

"बघू दे," म्हणाल्या.

मी फाईल उघडली. वर सरांची लांबलचक ओळ, खाली त्यांची. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "ही त्यांची?"

"हाव."

"अन् ही माझी. आत्ता तू माझ्या किल्लीतनं काढलीस ती."

"हाव, अव्वा."

"मग ह्या ओळीतनं त्यांची किल्ली काढ की."

वरच्या फळीवरचा डबा काढून दे म्हणावं तसं म्हणाल्या. मला उठून पळून जावंसं वाटलं.

"नाही निघत, अव्वा. किल्लीतून ओळ निघते. ओळीतून किल्ली नाही निघत."

"का गं?"

"ते गणितच तसं आहे. जायचा रस्ता आहे, यायचा नाही."

"मोठी मशीन आणली तर?"

"नाही."

"परदेशातली?"

"आज जगात आहेत तेवढ्या सगळ्या मशिनी आणल्या आणि सूर्य विझेपर्यंत बसवल्या, तरी नाही."

अव्वांनी ओळीकडे बघितलं. मग एकदम हसायला लागल्या. "यजमान अगदी असंच म्हणायचे. सूर्य विझंल म्हणायचे. मला वाटायचं, मास्तर बढाई मारतोय." हसता हसता डोळ्याला पदर लावला. बराच वेळ लावून धरला. मी आणि सर दोघंही रडलो, उगीच खोटं कशाला लिहू.

"म्हंजे खरंच गेली," म्हणाल्या.

"हाव, अव्वा."

"मग मी पुसते. माती देताना शेवटची मूठ मीच टाकली होती. काय दाबायचं सांग."

मी दाखवलं. डी हे अक्षर, दोनदा. त्यांनी एकदा दाबलं, माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. दुसऱ्यांदा दाबलं आणि ओळ गेली. आवाज नाही, काही नाही. खालची ओळ आपली आपण वर सरकली.

अव्वा दचकल्या. "हे काय झालं?"

"वरची गेली की खालची वर येते. आता तुमची पहिली."

"बेडा, बेडा!" दोन्ही हात हलवत त्या मागे सरल्या. "ती त्यांची जागा हाय. तिथं मी कशी बसू? मला खाली ने, पोरी. होती तिथं ने."

मी उमाशंकर सरांकडे बघितलं. ते म्हणाले, "नियमात रिकाम्या ओळीबद्दल काही लिहिलेलं न्हाई."

मशीनलाही रिकामी ओळ चालते. ती सोडून ते पुढची वाचतं. मी अगदी वर गेले आणि तिथे एक कोरी ओळ सोडली. अव्वांची ओळ एक पायरी खाली उतरली. त्यांनी जवळ येऊन नीट बघितलं, वरच्या कोऱ्या जागेवर बोट फिरवलं, आणि म्हणाल्या, "आता बरोबर हाय. जेवून जावा."

आम्ही जेवून निघालो.